फूल मधोमध ठेवलं तरी फोटो जमत का नाही? रेडियल रचनेबद्दल थोडं सविस्तर

विट्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पावसाळ्यात कासला जातो, क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा आणि त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ मिमीची किट लेन्स आहे. रेडियल कॉम्पोझिशनमध्ये सगळ्या रेषा एका केंद्रातून बाहेर पसरतात आणि त्यामुळे फोटोला जोर येतो, असं ऐकलं. म्हणून सोनकीचं फूल बरोबर मधोमध धरून फोटो काढतो, पण तो फक्त फुलाची ओळख पटवायला काढल्यासारखा दिसतो. केंद्र नेमकं कुठे ठेवायचं? सातारा-सांगलीकडे फुलांखेरीज असे विषय कुठे मिळतील? आणि मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स घ्यावीच लागेल का?

लेन्सचं शेवटी सांगतो, कारण ते सगळ्यात सोपं आहे.

केंद्राची तुम्ही उगाच काळजी करताय. रेषा एका बिंदूतून फुटताना दिसल्या की बघणाऱ्याची नजर त्या बिंदूवर आपोआप जाते. तो कुठेही ठेवा, ती तिथे पोचतेच. खरा प्रश्न तिच्या परतीच्या वाटेचा असतो. केंद्रावरून नजर पाकळी धरून बाहेर निघते, मग ती पाकळी कुठे संपते? तुमच्या फोटोत फूल मधोमध आहे आणि चारी बाजूंनी सारखी हिरवी मोकळी पट्टी आहे. म्हणजे प्रत्येक पाकळी सारख्याच अंतरावर, सारख्याच हिरव्यात संपते. नजर एकदा बाहेर गेली, परत आली, संपलं. पुढे बघायला काही उरत नाही. रेडियल फोटो घेताना मी व्ह्यूफाइंडरमध्ये केंद्राकडे क्षणभरच बघतो. बाकी सगळा वेळ चार कडांकडे बघण्यात जातो.

कडांचं काय करायचं, ते सोनकीवरच बघू. ऑगस्ट-सप्टेंबरात कासचं पठार जिच्यामुळे पिवळं होतं ती ही सोनकी. एक फूल दोन-एक सेंटीमीटरचं. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर अनेक फुलांचा गुच्छ असतो. बाहेरची प्रत्येक पिवळी 'पाकळी' हे एक स्वतंत्र फूल आणि मधल्या चकतीत दाटीनं बसलेली बारीक नळीसारखी फुलं वेगळी. ही मधली फुलं बाहेरून आत उमलत जातात. ताज्या सोनकीत चकतीच्या कडेला उमललेल्या फुलांचं कडं असतं आणि मध्यभागी अजून मिटलेल्या कळ्या. फोटोसाठी मी नेहमी असं अर्धवट उमललेलं फूल शोधतो. पूर्ण उमललेल्या फुलाचं केंद्र एकसारखं पिवळं होतं आणि तिथे पोचलेल्या नजरेला काही मिळत नाही. अर्धवट उमललेल्यात आत घट्ट, बाहेर मोकळं असे दोन पोत दिसतात.

आता त्या फुलाच्या इतक्या जवळ जा की निदान तीन कडांवर पाकळ्या कापल्या जातील. चौथ्या कडेला टोकं आत राहू द्या. लगेच फरक दिसतो. कापलेल्या पाकळीमुळे फूल चौकटीपेक्षा मोठं वाटतं आणि चौथ्या बाजूची शाबूत टोकं त्याचा आकार सांगतात. केंद्र मग मध्यापासून थोडं सरकलेलं असतंच, ते मुद्दाम ठरवावं लागत नाही. एक मात्र बघा. एखादी पाकळी बरोबर कोपऱ्यात घुसली, तर नजर तिथून फोटोबाहेर निसटते. गोल फुलाची एक सोय असते, कॅमेरा मनगटातून थोडा फिरवला की कोणती पाकळी कोपऱ्याला भिडते ते बदलतं. फूल गोल असल्यामुळे फोटो तिरका झाला असं कुणाला वाटतही नाही.

कीटकानं कुरतडलेली पाकळी दिसली की लोक ते फूल सोडतात. मी सोडत नाही. सगळे किरण सारखे असताना एक तुटका असेल, तर नजरेला थांबायला जागा मिळते. हरवलेल्या पाकळीची फट, पाकळीवर बसलेली माशी, एकच दवाचा थेंब, यातलं एक काहीतरी हवं. दोन नकोत.

तांत्रिक बाजूत लोक जास्तीत जास्त अडतात ते फोकसमध्ये. पाकळ्या साधारण एका पातळीत असतात, म्हणून सेन्सरही त्याच पातळीला समांतर हवा. थोडाही कललात तर एका बाजूच्या पाकळ्या धूसर होतात. साध्या फोटोत ते चालून जातं, इथे मात्र अर्धे किरण गळून पडतात आणि रचनाच मोडते. हिशेब सांगतो. तुमच्या क्रॉप सेन्सरवर निम्म्या आकाराचा, म्हणजे १:२ प्रमाणाचा फोटो घेतला, तर एफ ११ला (एफचा आकडा जितका मोठा, तितकं ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, लहान) डेप्थ, म्हणजे फोकसमध्ये राहणारी खोली, अडीच मिलीमीटरच्या आसपास मिळते. एफ ५.६ला त्याच्या निम्मी. म्हणून मी एफ ८ ते एफ ११ वापरतो. एफ २२वर जाऊन फायदा होत नाही, कारण इतक्या जवळून काढताना प्रत्यक्षातलं ॲपर्चर आणखी लहान झालेलं असतं आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे लहान भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो. कॅमेरा फुलाच्या बाजूनं बघितला की समांतर आहे की नाही ते चटकन कळतं. जोडीला कुणी असेल तर त्यालाच बघायला सांगा, स्क्रीनकडे बघून हे नीट उमगत नाही.

फोकस स्टॅकिंगबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करण्याबद्दल, बरेच जण विचारतात. कासला पावसाळ्यात ते विसरा. १२०० मीटर उंचीच्या उघड्या पठारावर वारा पडतच नाही, दोन फोटोंच्या मध्ये फूल हललेलं असतं. त्यापेक्षा आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ८०० किंवा १६०० करा आणि शटर १/५०० सेकंदापर्यंत न्या. थोडा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा आला तर येऊ दे. धुकं मात्र तुमच्या बाजूचं आहे. मागचं गवत, कुंपण, लाल-निळ्या रेनकोटातली माणसं, सगळं पुसून टाकतं. लेन्सवरचं पाणी पुसायला चार सुती रुमाल जवळ ठेवा. सूर्य नसल्याची तक्रार करू नका. रेडियल विषयाला कडक ऊन मानवत नाही, कारण पाकळ्यांच्या सावल्या एकमेकींवर पडून नसलेल्या रेषा तयार होतात.

सोनकीखेरीज कासला या कामाची तीन झाडं मला विशेष आवडतात. पहिलं पंद. पांढऱ्या बारीक फुलांचे गुच्छ एकाच बिंदूतून निघालेल्या दांड्यांवर असतात आणि प्रत्येक गुच्छात पुन्हा तीच मांडणी, लहान आकारात. सगळे ते वरून काढतात आणि वरून तो नुसता पांढरा ठिपका दिसतो. कॅमेरा जमिनीला टेकवून खालून वर बघा, छत्रीच्या काड्या दिसाव्यात तशा दांड्या एका गाठीतून फाकलेल्या दिसतील. मागे धुक्याचं पांढरं आकाश असलं तर एक-दीड स्टॉप जास्त एक्स्पोजर द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), नाहीतर दांड्या काळ्या पडतील. दुसरा गेंद. पाणथळ जागेत पांढऱ्या गुंड्यांचे थवे दिसतात तो. एका झुडपाच्या वर कॅमेरा सरळ खाली धरला की बुडाशी पानांची चांदणी आणि तिच्यातून सगळीकडे निघालेले देठ दिसतात. इथे गुंड्या आणि पानं एकाच वेळी फोकसमध्ये येणार नाहीत. गुंड्यांवर फोकस करा, पानांची चांदणी खाली धूसर राहिली तरी पुरते.

तिसरं दवबिंदू, कीटक खाणारी वनस्पती. तिचा एक प्रकार गवतासारखा उभा वाढतो, पण आपल्या कामाचा तो दुसरा, जमिनीला चिकटलेला. तांबूस पानांचं दोन-तीन सेंटीमीटरचं चक्र, प्रत्येक पानावर चिकट थेंब मिरवणारे केस. म्हणजे किरणांवर पुन्हा किरण. मागून तिरपा प्रकाश असला की थेंब पेटतात. ढगाळ हवेत हा प्रकाश नसतो, तेव्हा एक लहान पांढरा पुठ्ठा झाडाच्या पलीकडे धरला तरी थोडं काम होतं. ही झाडं वाटेच्या कडेला, पायाखाली असतात आणि गुडघा टेकण्याआधी बघितलं नाही तर तुमच्याच गुडघ्याखाली चिरडतात. पठारावर जांभ्या दगडावर मातीचा थर जेमतेम आहे, तुडवलेली जागा पुढच्या वर्षी तशीच उघडी राहते. वरून काढायचे विषय असल्यामुळे आत शिरायचा मोह होतो. शिरू नका, वाटेवरून हात पोचेल तेवढंच काढा. तेवढंही एका सकाळीत संपत नाही.

आता कुठे रेडियल रचना लादू नये तेही सांगतो, कारण प्रश्नासोबत तुम्ही जोडलेल्या फोटोंत तेरडा आणि सीतेची आसवेही मधोमध आहेत. या फुलांना तोंड असतं. वर-खाली असतं, डावं-उजवं सारखं असतं, पण गोलाई नसते. ज्याला आपण मिकी माउस म्हणतो ती कवला नावाची स्मिथिया तर नावापासूनच चेहरा घेऊन आली आहे. आमरीचंही (ऑर्किडचंही) तसंच. त्यांच्याकडे बघणारी नजर बाहेर पसरत नाही, समोर थांबते. त्यांचा फोटो माणसाच्या फोटोसारखा काढा, ती ज्या दिशेला बघतात तिकडे जागा सोडून.

फुलांबाहेर येऊ. सातारा-सांगलीत ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळ्यात चांगला रेडियल विषय म्हणजे कोळ्याचं जाळं. सागरेश्वरच्या झुडपी रानात, दंडोबाच्या वाटांवर, अगदी शेताच्या बांधावरच्या घाणेरीतही. लोक दव पडलेलं जाळं शोधतात आणि फोटोत वर्तुळं येतात, किरण येत नाहीत. त्याचं कारण जाळ्याच्या विणीत आहे. मधून बाहेर जाणारे ताणे कोरडे असतात, कोळी त्यांच्यावरून चालतो. त्यांच्यावर गुंडाळत गेलेला धागा चिकट असतो आणि हवेतला ओलावा मुख्यतः तोच धरतो. म्हणून दवात गोल गोल कडी चमकतात आणि ताणे दिसेनासे होतात. किरण हवे असतील तर दव ओसरल्यावर, सूर्य वर यायला लागला असताना जा. जाळ्याच्या पलीकडे सूर्य, मागे सावलीतली काळी झाडी, आणि कॅमेरा जाळ्याला बरोबर समांतर. मग ताण्यांवरून प्रकाशाची एक रेघ सरकताना दिसते. तुम्ही इंच-दोन इंच डोकं हलवलं तरी ती दुसऱ्या ताण्यावर जाते, त्यामुळे जागा सावकाश शोधा.

आणखी एक गंमत. जाळ्याचं केंद्र बहुधा जाळ्याच्या मध्यावर नसतं, वर सरकलेलं असतं. कोळी डोकं खाली करून बसतो आणि वर चढण्यापेक्षा खाली धावणं त्याला सोपं, म्हणून शिकार धरायची जागा खाली जास्त ठेवतो. रानातल्या मोठ्या नेफिला कोळ्याच्या जाळ्यात हे फारच उघड दिसतं, केंद्र जवळपास वरच्या काठाला असतं. केंद्र कुठे ठेवू म्हणून तुम्ही विचारता, इथे ते कोळ्यानं आधीच ठरवून दिलंय. त्याला ओढून मधोमध आणू नका, खालचे लांब ताणे पूर्ण येऊ द्या. आणि पाण्याचा फवारा मारून खोटं दव तयार करणाऱ्यांच्या नादी लागू नका.

माण-खटावकडे गेलात तर बांधावरची घायपात बघा. केंद्र चौकटीच्या बाहेर ठेवायचा सराव करायला याच्याइतकं चांगलं झाड नाही. पानं जाड, सरळ, काटेरी कडांची, त्यामुळे केंद्र दिसलं नाही तरी पानं कुठून निघाली ते कळतं. खालच्या डाव्या कोपऱ्याच्या जरा बाहेर केंद्र धरा आणि पानं वर उजवीकडे पसरू द्या. पानांवर नीट बघितलं तर शेजारच्या पानाच्या काट्यांचे ठसे उमटलेले दिसतात, पानं कोंबात एकमेकांना घट्ट चिकटून असताना पडलेले. सकाळच्या तिरप्या उन्हात ते ठसे उठून येतात. पावसाळ्यात घाटातल्या कड्यांवर उगवणारी कवदर, म्हणजे रानकेळ, हीसुद्धा याच कामाची, पण तिच्या वर उभं राहायला सुरक्षित जागा असेल तरच. रस्त्याच्या कठड्यावर चढून फोटो काढू नका.

झाडाखाली उभं राहून सरळ वर कॅमेरा धरायचा प्रकार सगळ्यांनी केलेला असतो. महाबळेश्वरच्या जुन्या रानात तो फसतो. तिथली जांभळं, अंजनी, हिरडे वाऱ्या-पावसानं वाकडी-तिकडी झालेली असतात, खोडं एका बिंदूकडे जात नाहीत. पाचगणीच्या सिल्व्हर ओकखाली मात्र जमतं, कारण ती झाडं सरळसोट आहेत. रुंद लेन्स, म्हणजे तुमची १८ मिमी, वापरली की खोडं डोक्यावरच्या एका बिंदूकडे झुकलेली दिसतात. इथेही केंद्र रिकामं असतं, नुसतं आकाश. म्हणून पुन्हा कडांकडेच बघा. खोडांचे बुंधे चारी कडांवर सारखे वाटले गेले तर फोटो मरतो. एक जाड खोड एका कडेनं आत येऊ द्या आणि बाकीची बारीक ठेवा. वडाचं विचाराल तर मी या कामाला टाळतो. फांद्या पसरतात खऱ्या, पण पारंब्या उभ्या रेषा टाकून प्रत्येक किरण तोडतात.

प्रकाशकिरणांबद्दल एक गैरसमज दूर करतो. धुक्यातून किंवा ढगाच्या फटीतून पडणारे सूर्यकिरण पसरलेले दिसतात, पण ते जवळजवळ समांतरच असतात. रेल्वेचे रूळ लांबवर जुळल्यासारखे दिसतात त्याच कारणानं ते सूर्याकडे जुळलेले दिसतात. याचा उपयोग असा की रुंद लेन्सवर त्यांचा फाकलेपणा जास्त दिसतो आणि २५० मिमीच्या लांब लेन्सवर ते समांतर वाटायला लागतात. यवतेश्वरच्या घाटात किंवा महाबळेश्वरच्या रानात धुकं विरायला लागलं, की काही मिनिटं किरण दिसतात. सूर्य एखाद्या खोडामागे दडेल अशी जागा घ्या आणि एक स्टॉप कमी एक्स्पोजर द्या. सूर्य उघडा राहिला तर केंद्र जळून पांढरं होतं. संध्याकाळी सज्जनगडावर सगळे पश्चिमेला तोंड करून उभे असतात, तेव्हा एकदा मागे पूर्वेकडेही वळून बघा. मावळत्या सूर्याचे किरण डोक्यावरून जाऊन पूर्व क्षितिजाकडे पुन्हा जुळताना कधीकधी दिसतात. ते फिकट असतात आणि केंद्र क्षितिजाखाली असतं.

सूर्याची चांदणी हवी असेल तर एफ १६ आणि सूर्याची बारीकशी कोर. ॲपर्चरच्या पात्यांची संख्या सम असेल तर तितकीच टोकं मिळतात, विषम असेल तर दुप्पट. ७ पात्यांची १४, ८ पात्यांची ८. याहून जास्त त्यात काही नाही आणि मला स्वतःला ही चांदणी फारशी आवडत नाही, कारण ती झाडाची नसते, लेन्सची असते.

रात्रीचं एकच सांगतो. ताऱ्यांच्या वर्तुळांना लोक रेडियल म्हणतात, पण ती सकेंद्री आहेत, रेषा बाहेर जात नाहीत. साताऱ्याहून ध्रुव क्षितिजापासून साडेसतरा-अठरा अंशांवरच असतो, हात लांब करून धरलेल्या एका वितीपेक्षाही कमी. त्यामुळे मोठी वर्तुळं जमिनीत बुडतात आणि पूर्ण फक्त लहानच दिसतात. खरी रेडियल रचना हवी तर १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतल्या उल्कांसाठी जागा. पाचगणीच्या टेबललँडसारखं मोकळं आकाश हवं, चंद्र नसेल तर उत्तम. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून रात्रभराचे फोटो ताऱ्यांवर जुळवून एकत्र केले, की सगळ्या उल्का पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळच्या एका जागेतून फुटलेल्या दिसतात. केंद्राजवळच्या आखूड, लांबच्या लांबलचक. म्हणून ते केंद्र चौकटीच्या कडेला ठेवा, मधोमध ठेवलंत तर आखूड रेघाच पदरी पडतील.

घरी आल्यावर सॉफ्टवेअरमध्ये फार खेळू नका. केंद्र अर्धा स्टॉप उजळणं ठीक. कडा काळवंडून टाकायची सवय मात्र सोडा. विनेटनं किरणांची टोकं बुडतात, म्हणजे जिथे मेहनत घेतली तेच झाकलं जातं. क्रॉप करताना एक कड एका वेळी सरकवा, चारी एकदम नको.

आता लेन्स. मॅक्रो लगेच घेऊ नका. तुमची १८-५५ ५५वर लावून तिच्यामागे २५ मिमीची एक्स्टेंशन रिंग, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, वापरा. जेवढी रिंग, भागिले फोकल लेंथ, तेवढी मोठी प्रतिमा आणखी मिळते, म्हणजे इथे जवळजवळ निम्म्या आकाराची भर. सोनकी चौकट भरून कडांबाहेर जायला तेवढं पुरतं. लेन्स फुलाच्या फार जवळ येईल आणि तिची सावली पडेल, म्हणून ढगाळ दिवस निवडा. रिंग घेताना आत इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट असलेलीच घ्या. नुसत्या नळीच्या स्वस्त रिंगवर कॅमेऱ्यातून ॲपर्चर बदलता येत नाही, लेन्स बहुतेक वेळा पूर्ण उघडी राहते आणि एक मिलीमीटरच्या डेप्थमध्ये सोनकीच्या चार पाकळ्याही धड येत नाहीत.